रस्त्यावर राहिलेला दगड

महामार्गावर ट्रक बंद पडला की क्लीनर खाली उतरून पहिले काम करतो ते दगड गोळा करण्याचे. एक दगड तो गाडी घरंगळू नये म्हणून मागच्या चाकाला लावतो आणि चार-सहा दगड मागे पंधरा-वीस पावलांवर रांगेने मांडतो. जवळ बाभळ असली तर एखादी फांदीही मोडून ठेवतो. यात त्याचा हेतू वाईट नाही. मागून येणाऱ्याने सावध व्हावे, ट्रकवर येऊन आदळू नये, एवढीच त्याची इच्छा असते. मग मिस्त्री येतो, दुरुस्ती होते, दोन-तीन तासांनी ट्रक सुरू होतो, ड्रायव्हर हॉर्न देऊन क्लीनरला बोलावतो आणि गाडी निघून जाते. दगड तिथेच राहतात. ज्या ट्रकपासून लोकांना वाचविण्यासाठी ते मांडले तो ट्रक पुढच्या जिल्ह्यात पोहोचलेला असतो, आणि अंधारात मागून एक मोटारसायकल येत असते.

सोलापूर जिल्ह्यातील वाचकांना हे चित्र नवे नाही. पुण्याहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ आपल्या जिल्ह्याच्या मधोमध जातो. विजापूर, तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, बार्शी या दिशांना फुटणारे रस्ते वेगळेच. त्यात हा साखर कारखान्यांचा जिल्हा. गळीत हंगामात रात्रभर वाहतूक चालू असते. पडून हाड मोडलेला किंवा चेहरा खरचटलेला रुग्ण दवाखान्यात आला आणि ‘कसे पडलात?’ असे विचारले, तर फार वेळा उत्तर येते, ‘काही नाही डॉक्टर, दगड आला.’ जणू दगड आपल्या पायांनी चालत आला!

आरोग्याच्या सदरात या दगडाचे काय काम, असे कोणी विचारील. हिवतापाचा रुग्ण आला की आपण डास शोधतो, डासाची पैदास होणारे डबके शोधतो आणि नगरपालिकेकडे बोट दाखवितो. गॅस्ट्रोची साथ आली की फुटलेली पाइपलाइन शोधतो. अपघाताच्या रुग्णाच्या बाबतीत मात्र प्लास्टर घातले, टाके घातले की आपला तपास संपतो. अपघात म्हणजे नशीब, अशी आपली समजूत आहे. विल्यम हॅडन या अमेरिकन डॉक्टरने १९६० च्या दशकात नेमकी हीच समजूत खोडून काढली. अपघातातील इजा हा एक आजारच आहे, त्याला कारणे आहेत, ती अपघाताच्या आधी, अपघाताच्या क्षणी आणि अपघातानंतर अशा तिन्ही वेळी शोधता येतात आणि तिन्ही वेळी काही ना काही करता येते, असे त्याने मांडले. रस्त्यावरचा दगड हे ‘आधी’च्या खान्यातले कारण. सर्वांत स्वस्तात दूर करता येण्यासारखे, कारण ते उचलायला दोन हात पुरतात.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे गेली. यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. राष्ट्रीय महामार्ग हे देशातल्या एकूण रस्त्यांच्या दोन टक्क्यांच्या आसपास, पण एक्स्प्रेस-वेसह त्यांच्यावर झालेले मृत्यू ३६ टक्के. त्याच अहवालात कारणांचा तक्ता आहे. अतिवेग, दारू, उलट्या बाजूने गाडी हाकणे, सिग्नल तोडणे, मोबाइल, आणि शेवटी ‘इतर’. सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या नावावर आहेत. वेग हा शत्रू आहेच, त्याविषयी पुढे लिहिणारच आहे. परंतु दगडाला धडकून मेलेल्या माणसाचा दगड या तक्त्यात कुठे बसतो? फार तर ‘इतर’मध्ये, नाही तर तोही ‘अतिवेग’ म्हणून गणला जातो, कारण मेलेला माणूस आपला वेग किती होता हे सांगायला येत नाही. आम्हा डॉक्टरांचेही तेच. मृत्यूच्या दाखल्यावर ‘डोक्यास गंभीर इजा’ असे लिहितो. ते खरे असते. पण इजा कशाने झाली हा पुढचा प्रश्न कागदावर येत नाही. ज्याची नोंद नाही त्याचा बंदोबस्त नाही, हा सरकारी कामाचा जुना नियम.

अमेरिकेत मात्र ही मोजदाद झाली. तेथील ‘एएए’ या मोटारचालकांच्या संघटनेच्या वाहतूक सुरक्षा प्रतिष्ठानने २०१६ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ ते २०१४ या चार वर्षांत रस्त्यावर पडलेल्या वस्तूंमुळे त्या देशात दोन लाखांवर अपघात झाले, सुमारे ३९,००० माणसे जखमी झाली आणि पाचशेहून अधिक दगावली. सुमारे दोन-तृतीयांश अपघातांतील वस्तू या नीट न बांधलेल्या मालातून किंवा देखभाल न केलेल्या गाडीतून पडलेल्या होत्या. आणखी एक आकडा प्रत्येक चालकाने लक्षात ठेवावा असा आहे. मृत्यूंपैकी सुमारे ३७ टक्के मृत्यू वस्तूवर आदळून झालेले नव्हते. ती चुकविण्यासाठी चालकाने एकदम गाडी वळविली, त्यातून ते झाले.

आपल्या रस्त्यांवर काय काय पडलेले असते ते पाहू. दगडाविषयी सांगितले. दुसरा ऊस. ट्रॉली वाजवीपेक्षा जास्त भरलेली, दोन ट्रॉल्या एकामागे एक, गतिरोधकावर धक्का बसला की मोळी सुटते. आख्खा ऊस चाकाखाली गोल फिरतो, दुचाकी क्षणात आडवी होते. चिरडलेल्या उसाचा रस आणि चोथा यांचा डांबरावर जो लगदा होतो तो केळीच्या सालीसारखाच निसरडा. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने किंवा वाढ्याने झाकलेला असतो. उसाचा भाव या जिल्ह्यात जितका चर्चिला जातो त्याच्या शतांशानेही रस्त्यावर सांडलेल्या उसाची चर्चा होत नाही!

तिसरा प्रकार मळणीचा. हुलगा, तूर, सूर्यफूल काढले की खळे करण्याऐवजी काही जण डांबरी रस्त्यावरच पसरतात. येणारीजाणारी वाहने फुकटात मळणी करून देतात. मका, सोयाबीन वाळत घालणारे तर पुष्कळ. धान्यावरून गाडी जाऊ नये म्हणून कडेने दगडांची ओळ लावलेली असते. संध्याकाळी धान्य पोत्यांत भरून घरी जाते, दगडांची ओळ मात्र उद्यासाठी तशीच. शेतकऱ्याकडे खळ्याला जागा नाही, मजूर मिळत नाही, हे मला ठाऊक आहे, आणि त्याची अडचण खोटी नाही. तरीही सांगतो, की धान्याच्या दाण्यांवर दुचाकीचा ब्रेक लागत नाही, आणि त्या दगडांवर पडणारा पोरगा बहुधा त्याच गावचा असतो.

डंपरमधून सांडलेली खडी आणि कच, ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातून आलेली काळी माती, सुटलेली ताडपत्री, या गोष्टी सर्वांच्या परिचयाच्या आहेत. टायरच्या सालींविषयी थोडे अधिक. मालमोटारीच्या टायरवरचा रबराचा थर सुटून रस्त्यावर पडतो. लांबून तो मेलेल्या जनावरासारखा दिसतो. लोक रिमोल्ड टायरला दोष देतात. पण हवा कमी, माल जास्त आणि वर एप्रिल-मेचे ऊन, अशी गाठ पडली की नवा टायरही तापून सोलला जातो. या पट्ट्यात पोलादी तारा असतात, आणि मोटारीच्या चाकाने तो उडवला की मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर येऊ शकतो.

आता वेगाविषयी. रात्रीच्या वेळी दुचाकीचा दिवा डिपरवर असताना तीस-चाळीस मीटरपलीकडचा काळा दगड धड दिसत नाही. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून अधिक अंतर कापते. दगड डोळ्यांना दिसणे, मेंदूला कळणे आणि हाताने ब्रेक दाबणे यात एक ते दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच वीस मीटर संपले. पुढे कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी सुमारे अठ्ठावीस मीटर लागतात. बेरीज केली तर जेवढे दिसते त्याच्या पलीकडे जाऊन आपण थांबतो, आणि दगड अलीकडे असतो. तीच गाडी ताशी ४० ने असेल तर पंचवीस-तीस मीटरमध्ये थांबते. वीस किलोमीटरचा वेग कमी केल्याने मोहोळ ते सोलापूर या अंतरात पंधरा-वीस मिनिटे जास्त जातील, एवढाच काय तो हिशेब.

ट्रकच्या मागे चिकटून जाणे हे तर डोळे मिटून जाण्यासारखेच होय. पुढचा ट्रक उंच असतो, दगड त्याच्या चाकांच्या मधून सुखरूप निघतो आणि एकदम आपल्यासमोर प्रकट होतो. पुढची गाडी रस्त्यावरचा एखादा खांब ओलांडल्यानंतर आपण सावकाश ‘एक, दोन, तीन’ म्हणून तो ओलांडावा एवढे अंतर हवे. रात्री आणि पावसात आणखी जास्त.

एवढे करूनही वस्तू समोर आलीच तर हँडल किंवा स्टीअरिंग झटक्याने वळवू नये. वळविलेली गाडी दुभाजकावर, झाडावर किंवा समोरच्या एस.टी.वर जाते, आणि त्यापेक्षा दगड बरा असे म्हणण्याची वेळ येते. मोटारचालकाने सरळ रेषेत जोराचा ब्रेक लावावा, स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावे, आणि आता टळत नाही असे दिसले तर आदळण्याच्या क्षणी ब्रेक सोडावा. ब्रेक दाबलेला असताना गाडीचे नाक खाली झुकलेले असते आणि धक्का अधिक बसतो. दगड दोन चाकांच्या मधून काढू असे म्हणणाऱ्यांच्या गाडीचे चेंबर फुटलेले मी पाहिले आहे. दुचाकीस्वाराने कच किंवा धान्य दिसले तर ते येण्यापूर्वीच वेग कमी करावा. त्यावर आल्यानंतर पुढचा ब्रेक मुळीच दाबू नये, गाडी झुकवू नये, हँडल सरळ ठेवून नुसते पार व्हावे. मागे एका बाजूला पाय टाकून बसलेली बाई आणि तिच्या मांडीवर मूल असेल तर यातले काहीच नीट साधत नाही, कारण लहानशा धक्क्यानेही ती दोघे आधी पडतात. पुढच्याने हेल्मेट घातलेले असते, मागची उघड्या डोक्याने. कायदा दोघांनाही लागू आहे आणि डांबरही दोघांना सारखेच लागते.

हेल्मेटविषयी वादच नको. जगभरातील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये घेण्यात आला, त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असे दिसले. मात्र हनुवटीचा पट्टा लावलेला असावा. पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना डोक्याच्या आधी निघून जाते.

अपघातानंतरच्या एका गोष्टीसाठी मी आजचा हा सगळा खटाटोप केला, असे म्हटले तरी चालेल. दगडावरून पडलेला माणूस पुष्कळदा उठून उभा राहतो. क्षणभर शुद्ध हरपलेली असते, पण मग कपडे झटकतो, गाडी सरळ करतो, ‘मला काही झाले नाही’ म्हणतो आणि घरी जातो. कानाच्या वरच्या बाजूला कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतून एक रक्तवाहिनी जाते. ती फाटली तर रक्त कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये हळूहळू साठत राहते. सुरुवातीचे काही तास माणूस बोलतो, चहा घेतो. मग डोके वाढत्या प्रमाणात दुखते, उलट्या होतात, गुंगी येते. घरच्यांना वाटते दमला आहे, झोपू द्या. पहाटे तो उठत नाही. वेळेवर सी. टी. स्कॅन आणि शस्त्रक्रिया झाली तर हाच माणूस चांगला बरा होऊन आठवड्या-दोन आठवड्यांत घरी येऊ शकतो. म्हणून तर ही गोष्ट अधिक खेदाची.

डोक्यावर पडलेल्या माणसाला पहिले चोवीस तास एकटे सोडू नये. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, झटके, हात किंवा पाय लुळा पडणे, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव येणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र आहे, पाहुणे आहेत, सकाळी बघू असे न म्हणता जिथे सी. टी. स्कॅनची सोय आहे तिथे न्यावे. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्याने तर लक्षणांची वाटच पाहू नये. तोंडाला दारूचा वास येणाऱ्या जखमीच्या बाबतीत दुप्पट सावध राहावे. ‘प्यायलाय, पडू द्या’ या दोन शब्दांनी किती जणांचा जीव घेतला असेल याची कुठे नोंद नाही.

रस्त्यावर मदत करणाऱ्याने वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाची घडी ठेवून दाबून धरावे, बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये, आणि मान दुखते म्हणणाऱ्याला हातापायाला धरून उचलू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. पोलीस केसची भीती आता बाळगण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी १३४-अ हे कलमच आले. नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. जखमीवर, योजनेत असलेल्या रुग्णालयांत, पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार करण्याची केंद्राची योजना मे २०२५ मध्ये जाहीर झाली. हे नातेवाइकांना माहीत नसते, म्हणून दागिने गहाण ठेवण्यात पहिला तास जातो.

खरचटण्याला लोक क्षुल्लक मानतात, पण डांबराचे आणि खडीचे कण कातडीत राहिले तर जखम भरते आणि खाली निळसर काळा डाग गोंदणासारखा कायमचा उरतो. चेहऱ्यावर असेल तर मुलींच्या बाबतीत पुढे त्याचा फार त्रास होतो. अशी जखम पहिल्या दिवशीच, बधिर करून, घासून धुऊन घ्यावी. हळद, कॉफी पावडर, माती यांपैकी काहीही लावू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते हे आठवत नसेल तर घ्यावे.

हे झाले पडल्यानंतरचे. पडूच नये म्हणून कोणी काय करायचे? सार्वजनिक रस्त्यावर अडथळा निर्माण करणे हा गुन्हा आहे. जुन्या दंड विधानात त्याला दोनशे रुपये दंड होता; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये तो पाच हजारांपर्यंत नेला आहे. दंड वाढला, पण दगड ठेवून गेलेल्याला पकडणार कोण, हा प्रश्न राहतोच. माझा भरवसा दंडावर कमी आहे. नव्या मोटारीबरोबर लाल परावर्तक त्रिकोण मिळतो, तो बहुतेकांच्या डिकीत पिशवीतून न काढताच पडलेला असतो. तो वापरला तर दगडाची गरज नाही, आणि पदरचे पैसे घालून घेतलेला त्रिकोण कोणी रस्त्यावर सोडून जात नाही. मालकांनी प्रत्येक ट्रकला असे दोन त्रिकोण द्यावेत, आणि गाडी परत आली की ते परत आले का हे पाहावे.

साखर कारखान्यांनीही एक काम करावे. ऊस वाहतुकीच्या ठेकेदारांशी हंगामाआधी करार होतातच. त्यात ट्रॉलीमागे लाल रिफ्लेक्टर, मोळ्यांवरून दोर आणि बंद पडलेली ट्रॉली हलविल्यावर दगड उचलणे या तीन अटी घालाव्यात. कारखान्याच्या वीस-पंचवीस किलोमीटरच्या टप्प्यात रात्री एक जीप फिरवून सांडलेला ऊस आणि दगड कडेला करावेत. त्या जीपचा डिझेलचा खर्च एका हंगामाच्या उलाढालीत कुठे दिसणारसुद्धा नाही. आणि पोलीस खात्याने पंचनाम्यात ‘रस्त्यावरील वस्तू’ असा वेगळा उल्लेख आवर्जून करावा, म्हणजे दोन-तीन वर्षांत कोणत्या किलोमीटरवर हे वारंवार घडते ते कळेल.

दगड दिसला तर आपण उतरून उचलावा काय, असे वाचक विचारतील. गावाच्या रस्त्यावर, दिवसा, सोबत्याला मागे उभे करून, जरूर उचलावा. चौपदरी महामार्गावर रात्री मुळीच उतरू नये; दगड उचलायला वाकलेला माणूस मागच्या गाडीला दिसत नाही. तेथे गाडी पुढे सुरक्षित जागी कडेला घेऊन राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ या क्रमांकावर फोन करावा, इतर रस्त्यांवर ११२. फोन करताना ‘टोलनाक्याच्या पुढे’ असे मोघम सांगू नये. रस्त्याच्या कडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचावा आणि आपण कोणत्या दिशेला जात होतो तेही सांगावे, नाहीतर येणारी गाडी दुभाजकाच्या पलीकडच्या बाजूला शोधत बसते.